मासे जिकडे, होड्या तिकडे

थोरलीचा नवरा तलावात बुडून मेला, त्यानंतर दोन महिन्यांनी सासूने तिच्या हातात पाटी दिली.

"धक्क्यावर जा. गोडबोल्याची होडी गाठ."

"तो सगळ्यांना देत नाही म्हणतात. मासे थोडे आणि घेणाऱ्या बायका ढीगभर."

"तुला देईल," सासू म्हणाली. ती चुलीतली राख काढत होती, तिने वर पाहिलं नाही. "त्याचा बाप मला द्यायचा. मेले नाही मी."

पलीकडचा काठ दिसत नाही एवढा तो तलाव. गोडबोल्याच्या तीन होड्या होत्या आणि धक्क्यावर जाळी ठेवायची एक पत्र्याची खोली होती. तो सगळ्या बायकांना 'राणी' म्हणायचा, म्हणजे नावं लक्षात ठेवायची कटकट नको. खोलीत ओल्या दोरांचा वास असायचा. थोरली आत जायची, बाहेर यायची आणि तिची पाटी भरलेली असायची. घरी आल्यावर ती मासे चिरायची, मीठ लावायची, मागच्या अंगणातल्या जाळीवर धूर द्यायची आणि बाजारात नेऊन विकायची. त्यावर ती, सासू आणि धाकटी जाऊ अशा तिघी जेवायच्या. धाकटीचा नवरा शहरात बर्फाच्या कारखान्यात होता. तो महिन्यातून दोनदा यायचा आणि येताना भूक तेवढी घेऊन यायचा.

तिसऱ्या वर्षी थोरलीला ताप यायला लागला. तोंड आलं ते बरं होईना. पाटी उचलली की पाय लटपटायचे. त्याच सुमारास धक्क्यावर एक नर्स टेबल मांडून बसायला लागली. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायची आणि वीस मिनिटं थांबायला सांगायची. थोरलीची तपासणी तिने दोनदा केली.

"एचआयव्ही आहे," नर्स हळू आवाजात म्हणाली. "घाबरू नकोस. रोज गोळी घ्यायची, जन्मभर. चुकवली नाहीस तर म्हातारी होशील. नवरा?"

"मेला."

"मग कुणाकडून? नाव नको सांगूस. कुठल्या होडीवरचा?"

थोरलीने आपली पाटी जवळ ओढली. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? नर्सने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्यावर तलाव काढलेला होता आणि काठाने लाल ठिपके.

"आधी खालच्या धक्क्यावरच्या बायका निघाल्या. मग बेटावरच्या. आता इथल्या. मला वाटत होतं हे रस्त्याने येतंय, ट्रकबरोबर. पण बेटावर रस्ताच नाही."

तशा अवस्थेतही थोरलीला हसू आलं. "सिस्टर, तुम्ही मासे नुसते खाता. उन्हाळ्यात मासे खालच्या धक्क्याला असतात, पाणी चढलं की बेटाला जातात, थंडी पडली की इकडे येतात. मासे जिकडे, होड्या तिकडे. आणि होडीवाल्याला प्रत्येक धक्क्यावर एक खोली असते."

नर्सने कागदावरून बोट फिरवलं. ठिपके त्याच क्रमाने लागले होते.

घरी येऊन थोरलीने सासूला सगळं सांगितलं, गोडबोल्याचं नावही. तिला वाटलं होतं, ही स्वतः त्या खोलीत जाऊन आलेली बाई आहे, हिला कळेल.

"हात दाखवून अवलक्षण करून आलीस," सासू म्हणाली. "कुणी सांगितलं होतं बोट पुढे करायला? आणि गोडबोल्याचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. त्याने मासे बंद केले तर खायचं काय, तुझ्या गोळ्या?"

संध्याकाळी सासूने धाकटीला वेगळंच सांगितलं. "माझ्या मेलेल्या पोरानेच हिला दिलं असणार. बाहेरख्याली होता तो." पोटच्या पोराला, तेही मेलेल्या, तिने एका वाक्यात विकून टाकलं.

धाकटीने थोरलीचं ताट आणि तांब्या अंगणात नेऊन ठेवला. चटई लाकडं ठेवायच्या छपराखाली टाकली. "रागावू नकोस ताई, मला अजून मूलबाळ व्हायचंय," ती म्हणाली. नळावर मात्र तिची जीभ थांबली नाही. चार दिवसांत थोरलीच्या पाटीतला मासा कुणी हातात घेईना. माशांतून हा रोग होत नाही, असं नर्स घसा फोडून सांगत होती. बायका मान डोलवायच्या आणि शेजारच्या पाटीकडे वळायच्या.

मग सासूने ती पाटी धाकटीला दिली.

त्या सकाळी धाकटी दारात बसून वेणी घालत होती. थोरली छपराखालून बघत होती. धाकटीचे केस दाट होते, मान गोरी होती, अंगावर नवीन लुगडं होतं. तिने कंगवा दातांत धरून विचारलं, "ताई, गोडबोल्या माणूस कसा आहे गं? मापात फसवतो का?"

सासू आत भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबला.

थोरलीला एक शब्द बोलायचा होता. तो तिच्या तोंडात आलाही होता. तिने अंगणातल्या आपल्या ताटाकडे पाहिलं.

"गोड बोलतो," ती म्हणाली.

आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

धाकटी रोज भरलेली पाटी आणू लागली. पहिले काही दिवस ती आल्याबरोबर अंघोळ करायची आणि कुणाशी बोलायची नाही. नंतर बोलायला लागली. नवरा येऊन जायचाच. थोरली गोळ्या घेत होती. तिचा ताप गेला, अंग भरलं, हातात जोर आला, आणि कशाला आला असं तिला वाटायचं.

आठ महिन्यांनी धाकटीला दिवस गेले. नर्सने गरोदर बायकांची तपासणी सुरू केली होती. धाकटी तिथून परत आली ती थेट छपराखाली आली. थोरली मासे चिरत होती. धाकटी समोर बसली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि सासूबाईंना?"

"त्यांनाही."

धाकटीने माशांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मी तुझं ताट बाहेर ठेवलं म्हणून?"

थोरलीने विळी बाजूला केली. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण जमलं नाही. "हो. आणि त्या दिवशी तू फार छान दिसत होतीस."

धाकटीने मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने विळी आपल्याकडे ओढली आणि उरलेले मासे चिरायला घेतले. नर्सने गोळ्यांची बाटली दिली होती. वेळेवर घेतल्या तर बाळाला बहुतेक काही होणार नाही, असं तिने सांगितलं होतं. धाकटीने ती बाटली थोरलीच्या बाटलीशेजारी ठेवली. घरात ठेवायची तिला भीती वाटत होती.

शनिवारी धाकटीचा नवरा आला. सासूनेच त्याच्या कानात घातलं, तेही अर्धवट: थोरलीकडून धाकटीला झालं म्हणे. त्याने आधी बायकोला मारलं, मग वहिनीला मारायला छपराखाली आला. थोरलीने त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, खोलीपासून वेणीपर्यंत. त्याचा हात खाली आला. दुसऱ्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून नर्सकडे गेला आणि तशीच गोळ्यांची एक बाटली घेऊन आला.

सोमवारी त्याने पिशवी भरली. थोरली त्याच्यामागे बस थांब्यावर गेली.

"कारखान्यात चाललास?"

"नाही. तिथे आपल्या गावचे दोघे आहेत. आतापर्यंत सगळ्यांना कळलं असेल." त्याने बसकडे हात केला. ती लांबच्या शहराची होती, रात्रभर चालणारी.

"बाटली?"

"टाकली तलावात. बरोबर ठेवून कुणाला दाखवायची?"

"अरे, तिथे लग्न करशील, नाहीतर कुणाला ठेवशील. तिला सांगशील ना?"

तो हसला. इतकं थकलेलं हसला की तिला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली. "वहिनी, इथे मला बघून पोरं नळावरून पळतात. तिथे कुणाला काही माहीत नाही. मी तिथे जाऊन तेच सांगत बसू?"

"मी ओरडून सांगते. या लोकांना आत्ता सांगते!"

"सांग ना," तो म्हणाला. "धाकटीला सांगितलंस तसंच."

तो बसमध्ये चढला. थोरली दारापर्यंत धावली, कंडक्टरच्या बाहीला धरून म्हणाली, "याला नेऊ नका." कंडक्टरने विचारलं, का? आत बसलेली माणसं माना वळवून बघत होती. तिने तोंड उघडलं, पण पुढचं बोलता येईना. कंडक्टरने बाही सोडवून घेतली आणि घंटी मारली.

दुपारी नर्स घरी आली. धाकटीचा नवरा कुठे राहतो, कुठल्या दवाखान्याला कळवायचं, असं विचारू लागली. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडून होती. सासू म्हणाली, "कामाला गेलाय, कर्ता माणूस आहे."

थोरलीने शहराचं नाव सांगितलं. नर्सने लाल ठिपक्यांचा तो कागद उलगडला, काठाने बोट फिरवलं. ते शहर त्या कागदावर कुठेच बसत नव्हतं.