वर केलेल्या हाताएवढी

मी एक जुनी फळी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. कपाटात बरण्या झेलत बसते ती फळी नव्हे. मी लाटेवर उभे राहायची फळी आहे. तुम्ही मला सर्फबोर्ड म्हणता. म्हणा बापडे. पण दुकानात शंभर जणींच्या रांगेत उभी राहून मी विकली गेलेली नाही. मला एका बापाने आपल्या लेकीसाठी घडवले आहे, आणि ते मी चारचौघांत सांगणारच.

आमचे सुतारबाबा दारे-खिडक्या करायचे. समुद्र त्यांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, पण त्यांना पोहता येत नाही. आजही येत नाही. लेक पंधरा वर्षांची झाली आणि फळी हवी म्हणून हटून बसली. बाबांनी जन्मात कधी फळी केली नव्हती. माप कुणाला विचारणार? त्यांनी तिला सरळ कारखान्याच्या भिंतीशी उभे केले.

"हात वर कर. ताठ. टाचा उचलू नकोस, लबाडे!"

तिच्या मधल्या बोटाच्या टोकाशी त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ मारली. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत जेवढे अंतर, तेवढी मी. फूट-इंचांत माझी लांबी कुणी कधी लिहिलीच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आतून मी पोकळ आहे. पोटात पातळ बरगड्या आहेत आणि वरून देवदाराच्या पट्ट्या. होडीला लावतात ते वार्निश बाबांनी माझ्यावर पाच हात दिले. सांध्यातून पाण्याचा थेंब आत शिरेल तर शपथ!

आमच्याकडचा समुद्र मेला बर्फासारखा गार. जाड रबरी पोशाख घालूनही लेकीचे ओठ निळे पडायचे. तरी ती रोज यायची. पाय घसरू नये म्हणून माझ्या पाठीवर मेण घासायची आणि बाहेर आल्यावर मला गोड्या पाण्याने पुसायची, मग स्वतःला. किनाऱ्यावर लोक विचारायचे, "ही कुठून आणलीस गं?" ती मान उंच करून सांगायची, "घरची आहे." त्या दोन शब्दांवर मी आजवर जगले आहे.

कारखान्याच्या दाराला तिने आतून एक चित्र चिकटवले होते. जुन्या कॅलेंडरातले कुठलेसे बेट, नारळाची झाडे आणि हिरवे पाणी. "तिथे पाणी कोमट असतं, बाबा. एकदा हिला घेऊन जाणार मी." एकोणिसाव्या वर्षी जायचे ठरलेही होते. तेवढ्यात तिची आई अंथरुणाला खिळली. मग लग्न झाले, बेकरी आली, मूल आले. दोष कुणाचाच नाही, पण फळी मात्र मागे राहिली.

मला दोन पिंपांवर आडवे टाकले. माझ्या पाठीवर सरसाचे डबे, गंजके खिळे, फुटकी कपबशी. एकदा तर बाबांनी माझ्यावर दाराचा तपकिरी रंग सांडला आणि पुसलाही नाही. अपमान गिळायला मी शिकले. विसरायला नाही शिकले.

आता लेक पन्नाशीला आली आहे. रोज पहाटे पीठ मळून मळून तिचा उजवा खांदा आखडला आहे. हात कानाच्या वर जात नाही. डॉक्टरीण म्हणाली, कोमट पाण्यात पोहा. तिची मुलगी, म्हणजे बाबांची नात, सुतळी आणायला कारखान्यात आली होती. तिने दारावरचे ते विटके चित्र पाहिले आणि घरात जाऊन जाहीर केले, "आई, या हिवाळ्यात तुझ्या बेटावर जायचंच!"

मग काय विचारता! स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशे पसरले. फ्रिजवर यादी लागली. यादी जावईबापूंची. ते टपाल कचेरीत पार्सले तोलतात, त्यामुळे घरात मीठ घातले तरी वजन विचारतात. कुठल्या महिन्यात लाटा बेताच्या, कुठल्या खोलीला मच्छरदाणी, सगळे टिपलेले. आणि मला धुऊन-पुसून घरात आणले. किती वर्षांनी अंगाला गोडे पाणी लागले! लेकीने डाव्या हाताने माझ्यावरचा तपकिरी डाग खरवडला आणि हळूच म्हणाली, "माफ कर गं म्हातारे."

मी माफ केले. लगेच नाही, पण केले.

जावईबापू म्हणाले, "विमानवाले सात फुटांपर्यंतच सामान घेतात. मोजून टाकू." त्यांनी कारखान्यातल्या खिळ्यावरची पत्र्याची टेप आणली. नातीने एक टोक माझ्या शेपटाशी धरले, पण तिचे सारे लक्ष मोबाईलमधल्या बेटाच्या फोटोंत. जावईबापूंनी माझ्या नाकाशी आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"सात फूट दोन इंच."

जावईबापूंनी टेप गुंडाळली.

"तिथे भाड्याने मिळतात फळ्या," ते चाचरत म्हणाले.

"मग मी नाही येत," लेक म्हणाली. "तुम्ही दोघं जा."

"अगं, एका फळीसाठी?"

"हिच्यासाठीच जायचं होतं मला."

बाबा कोपऱ्यात चहा पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "दोन इंचच ना? शेपटीकडून कापून देतो."

शेपटी कापलेली फळी वळायचे विसरते, हे त्यांना काय ठाऊक नव्हते? पण त्यांनी दोन दिवस करवतीला धार लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे कारखान्यात जमले. मला करवतकामाच्या लाकडी घोड्यांवर निजवले होते. लेकीचा हात माझ्या पाठीवर होता.

"नको बाबा. राहू दे."

"गप. इतकी वर्षं थांबलीस, आता दोन इंचांपायी थांबतेस?"

बाबांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. टेप लावली, आणि सवयीने पुटपुटले, "शहाऐंशी, वजा चार, ब्याऐंशी." पेन्सिल तशीच हातात राहिली. "ब्याऐंशी इंच म्हणजे सहा फूट दहा की रे. परवाचं माप कुणी घेतलं?"

"मी," जावईबापू ताठ होऊन म्हणाले. "दोनदा घेतलं."

"कशाने?"

"तुमच्याच टेपने."

बाबा खाली बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो, ह्या टेपचे पहिले चार इंच करवतीखाली जाऊन अठरा वर्षं झाली! ती चारपासूनच सुरू होते. मी प्रत्येक मापातून चार वजा करतो."

"मग तसं लिहून ठेवायचं ना!"

"मला पाठ आहे, लिहू कशाला? विचारायचं होतंत."

नातीने टेपचे टोक पाहिले आणि जीभ चावली. जावईबापू म्हणाले, "वजनाचं असतं तर चुकलो नसतो."

मला विमानात न्यायच्या पिशवीचे जाड कापड धरूनही सात फुटांना एक इंच उरत होता. लेक हसत नव्हती. ती माझ्या शेपटावर कपाळ टेकून रडत होती. बाबांनी करवत खिळ्याला अडकवली. मग लेकीला दंडाला धरून भिंतीशी नेले. ती जुनी लाल रेघ अजून तिथेच होती.

"हात वर कर."

"जात नाही हो, बाबा."

"जाईल तेवढा कर. टाचा उचलू नकोस, लबाडे."

हात कानापाशी थांबला. बोटे रेघेच्या पार खाली राहिली. बाबांनी तिथे नवी रेघ मारली. म्हणाले, "कोमट पाण्यात खांदा सोडवून ये. आलीस की पुन्हा मोजू."

मित्रांनो, आता मी पिशवीत आहे. तिला आतून जुन्या दुलईचे अस्तर लावले आहे, आणि विमान परवा आहे. तुमच्याही घरात एखादी वस्तू पिंपांवर पडून असेल. तिच्यावरचे डबे उतरवा, तिला पुसा. तिला कापायला निघालात, तर आधी तिला रोज हाताळणाऱ्या माणसाला विचारा. त्या वस्तूचे कुठे काय तुटले आहे आणि किती वजा करायचे, ते त्यालाच ठाऊक असते. विचारायला जीभ झिजत नाही. आमच्या घरी न विचारल्यामुळे माझी शेपटी जाता जाता राहिली.

टेपवर काल नातीने लाल पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिले, 'चार वजा'. आणि भिंतीवरच्या दोन रेघांच्या मधली जागा बाबांनी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून ठेवली आहे.