मागच्या भिंतीला

चर्रकन चिकटपट्टी ओढल्याचा आवाज झाला आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं. दारात कंटेनर उभा होता. भाड्याचं घर सुटत होतं. सामान गोदामात जाणार होतं आणि ती मुलीला घेऊन माहेरी.

“वहिनी, आधी लागणारं शेवटी चढवायचं, दाराशी,” हमाल म्हणाला. “नाहीतर चहाच्या गाळणीसाठी अख्खं घर उपसावं लागतं. हे शिलाई मशीन कुठे?”

मशीन नवऱ्याचं होतं. डॉक्टरांनी कालच हात टेकले होते, आणि मुलीला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

“अगदी आत, मागच्या भिंतीला,” ती म्हणाली.

मुलगी मशीनच्या पायडलवर ठाण मांडून बसली.

“आई, काका काय म्हणाले ऐकलंस ना? मग दवाखान्यातून आल्यावर बाबा शिवणार कशावर?”