मुठीचा तांदूळ

बोदलकसाजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. प्रत्येक घरची बाई रोज भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ देवासाठी वेगळा काढते. आठवडाभराच्या मुठी रविवारी पिशवीतून उपासनेला येतात आणि माझ्या घरच्या पत्र्याच्या कोठीत पडतात. माझ्याच घरी का, तर घर पक्क्या विटांचं आहे, उंदीर शिरत नाही, आणि वीस वर्षं अंगणवाडीत खिचडी वाटूनही या सुशिलाबाईकडं कुणी बोट दाखवलेलं नाही. कोठीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. हा तांदूळ नाताळच्या जेवणाला शिजायचा. मधेच कुणाला द्यायचा झाला तर पाळकसाहेबांनी कमिटीला विचारायचं, असा नियम. तो नियम मीच भांडून करून घेतला होता.

२००६च्या सप्टेंबरात त्या अकरा घरांतलीच वच्छला दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा बकाराम तलावात मासे धरायचा. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून घसरून त्याचा पाय मोडला, त्याला महिना झाला होता. शेतात धान अजून हिरवंच होतं, त्यामुळं तिलाही मजुरी नव्हती.

"काकू, कोठीतला दोन पायल्या तांदूळ भेटन का? कापणी लागली का आणून टाकीन."

"तो माया नाई वच्छला, देवाचा आहे. पाळकसाहेब म्हयन्याच्या पयल्या इतवारी येतीन, तवा विचारू."

"बरं," म्हणाली आणि गेली. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. आपण डगमगलो नाही, याचंच मला कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी तिची पिशवी आलीच. तांदूळ थोडाच, पण दाणा न् दाणा अख्खा, पांढरा. माझं टाळकं सरकलं. घरात असा तांदूळ असताना ही मागायला आली होती? उपासना सुटताच मी जाब विचारायला तिच्या मागोमाग गेले.

वच्छला अंगणात सूप घेऊन बसली होती. सुपात कणकी होती, गिरणीवाला कोंबड्यांसाठी विकतो तो तुकडा तांदूळ. त्यात कुठं अख्खा दाणा सापडला की ती तो वेचून वाटीत टाकत होती. चुलीवर कणकीची पातळ पेज होती, आणि तिच्या दोन्ही पोरी ताटल्या धरून तिथंच बसल्या होत्या.

"हे काय करून राहिली?"

"देवाची मूठ काढून राहिली, काकू. त्याले कणकी कशी देऊ?"

मी आले तशी परतले. माझ्या घरी चिनोर शिजतो, वास गल्लीभर जातो. कोठीत मात्र माझी मूठ रेशनच्या जाड्या तांदळाची पडायची. हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण मला तर होतं.

कुलूप काढलं. चार पायल्या मापून पोत्यात भरल्या आणि भर दुपारी डोक्यावर घेऊन तिच्या अंगणात नेऊन ठेवल्या. वच्छलानं पोत्याला हात लावला नाही.

"पाळकसाहेब आले का?"

"नाई."

"मंग कमिटीनं सांगतलं?"

"नाई."

"मंग वापस न्या, काकू. लोक तुमाले बोल लावतीन. साहेब येईपर्यंत आमी काढून घेऊ कसाबसा हा हप्ता."

पोरींची नजर पोत्यावरून हलत नव्हती. त्यांच्या आईला काळजी पडली होती ती माझ्या नावाची. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच मातीत बसले.

"ज्याचा तांदूळ आहे, त्यानं सांगतलं," मी म्हटलं.

"कवा?"

"तू माया दारात आली, तवाच. मीच आयकलं नाई."

वच्छलानं पेज खाली उतरवली आणि चुलीवर भाताचं मोठं पातेलं, गंज, चढवला.