वच्छलाबाईंची सहल

धुळ्यात देवपूरच्या एका कॉलनीत उन्नती महिला मंडळ होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणातली मंगळागौर, मधूनच एखादी पाककला स्पर्धा आणि हिवाळ्यात सहल. अध्यक्ष नूतनताई. त्यांचे मिस्टर सरकारी खात्यातले मोठे अधिकारी, त्यामुळे मंडळात नूतनताईंचा शब्द कुणी खाली पडू द्यायचं नाही.

मोनाली या मंडळात नवी नव्हती, पण तिला अजून कुणी आपलं म्हणत नव्हतं. सतरंज्या अंथरायला, पाहुण्यांना चहा द्यायला मोनाली, आणि फोटोच्या वेळी ती कडेला. घरी आली की भूषणजवळ, म्हणजे नवऱ्याजवळ, चिडचिड करायची. भूषण म्हणायचा, "मग जाऊ नको." ते तिला त्याहून नको वाटायचं.

त्या हिवाळ्यात सहल उनपदेवला ठरली. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे गायमुखातून गरम पाणी पडतं. तिथेच भरीत करून जेवायचं ठरलं. नूतनताई मोनालीला म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई गावाकडच्या आहेत ना? त्यांना घे बरोबर. आमच्यात काड्यांवर वांगी भाजणार कोण? सगळ्यांच्या साड्या खराब होतील."

वच्छलाबाई म्हणजे भूषणची आई. नवरा, चुडामण आबा, वारल्यावर अमळनेरकडचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्या होत्या. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. मोनालीने सहलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, "माले बलायं? मन्हं नाव लिसन बलायं?"

"हो, नूतनताईंनीच सांगितलं," मोनाली म्हणाली. वांग्यांचं तिने सांगितलं नाही.

भूषणने दिवाळीला घेतलेलं जांभळं पातळ वच्छलाबाईंनी तोवर नेसलं नव्हतं. सहलीच्या दिवशी ते नेसून त्या मोनालीच्या आधी तयार होऊन दारात बसल्या. आयुष्यात लग्नाकार्याला आणि मयतीला सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या.

गाडीत त्यांना मागच्या सीटवर वांग्यांच्या पोत्याशेजारी जागा मिळाली. अमळनेर मागे पडल्यावर उखाण्यांचा खेळ सुरू झाला. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर हेमांगी नावाची एक बाई मागे वळून म्हणाली, "आजी, आता तुम्ही."

वच्छलाबाई लाजल्या. मग पदर सावरून म्हणाल्या, "चुल्हावर भाकर, भाकरवर साय, चुडामणनं नाव लेवाले लाजू काय!"

गाडी हसून हसून लोळली. भाकरीवर साय! हेमांगी डोळे पुसत म्हणाली, "आजी, मोठ्यांदा घ्या. आबा वर गेलेत ना, इतक्या हळू ऐकू जायचं नाही."

हसणं आणखी वाढलं. सगळ्या हसतायत म्हणून वच्छलाबाईही हसल्या. मोनालीने खिडकीबाहेर पाहिलं. पुढे कुणीतरी "लेवाले लाजू काय" असं हेल काढून म्हटलं, तेव्हा तीही हसली.

उनपदेवला पोचल्यावर बायका कुंडावर गेल्या. वच्छलाबाईंनी कपाशीच्या काड्या रचल्या, वांगी भाजली, सोलली, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या-लसूण कुटला, कळण्याच्या भाकरी थापल्या. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. नूतनताईंनी बोटं चाटत सांगितलं, "असं भरीत मी जन्मात खाल्लं नाही." त्या एका वाक्यावर वच्छलाबाईंनी सगळ्यांची भांडीही घासली.

निघायच्या वेळी बायका गाडीत बसत होत्या. वच्छलाबाई मोनालीला म्हणाल्या, "वं माय, मी जरा पाय बुडाडी येस. इतली लांब उनू नि पानीले हातबी नही लाया."

"लवकर या," मोनाली म्हणाली.

त्या गेल्या. गाडी भरली तरी त्या आल्या नव्हत्या. कंटाळा आला तशी हेमांगी म्हणाली, "आजीची जरा गंमत करू. पळतात का बघू."

नूतनताईंनी ड्रायव्हरला सांगितलं, "सुकदेवभाऊ, घ्या हळूहळू. वळणापर्यंत."

सुकदेवने आरशात पाहिलं. वच्छलाबाई पायऱ्या चढून रस्त्याला लागल्या होत्या. पाय ओले, चपला हातात. "नको ताई. म्हातारं माणूस आहे, पडतील."

"काही होत नाही हो. मोनाली, तुझ्या सासूबाई आहेत, तू सांग. घेऊ ना?"

सगळ्या मोनालीकडे पाहू लागल्या. सहलीत पहिल्यांदाच त्यांनी तिला काही विचारलं होतं.

"चालू द्या," मोनाली म्हणाली. "शेतात पळायची सवय आहे त्यांना."

बायकांनी टाळ्या पिटल्या. नूतनताई थोड्या सरकल्या आणि सीटवर हात थोपटून म्हणाल्या, "ये, इथे बस." मोनाली त्यांच्या शेजारी बसली. गाडी निघाली. वच्छलाबाई हात वर करून पळू लागल्या. जांभळं पातळ पायात येत होतं, एका हाताने त्या ते वर ओढत होत्या. मोनालीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडली, "या, आई, या! पळा!" तिला हसू आवरत नव्हतं.

वळणापुढे गाडी थांबली. पेरू कापून झाले, वाटून झाले. वच्छलाबाई काही आल्या नाहीत. शेवटी सुकदेव उतरून मागे गेला आणि थोड्या वेळाने त्याची हाक आली.

रस्त्याच्या कडेला पाणी जायची एक मोरी होती. वच्छलाबाई तिच्यात पडल्या होत्या. गवत कापणाऱ्या दोन पावरा आदिवासी बायका त्यांना उचलायला बघत होत्या, पण हात लावला की त्या किंचाळत होत्या. एक पाय विचित्र वळला होता. मोनालीला पाहताच त्यांनी तिचा हात धरला.

"मन्हामुळे तुमले उशीर व्हयना ना वं माय," त्या म्हणाल्या. "मीच येडी पानीमा बसनू."



चोपड्याच्या दवाखान्याकडे जाताना वच्छलाबाई मागच्या लांब सीटवर आडव्या कण्हत होत्या, आणि पुढे नूतनताई सगळ्यांना सांगत होत्या, "कुंडाच्या पायरीवरून घसरल्या. ओले पाय होते. बरोबर ना?" कुणी नाही म्हटलं नाही. सुकदेवलाही त्यांनी बजावलं. मोनालीचा खांदा दाबून म्हणाल्या, "तुझ्याच भल्यासाठी सांगतेय."

खुबा मोडला होता. धुळ्याला ऑपरेशन झालं, पण त्या वयात हाड नीट धरलं नाही. डॉक्टरांनी भूषणला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्या उठून चालणार नाहीत. भूषणने आईला विचारलं, "कशी पडलीस गं?"

"घसरनू पायरीवरतीन," वच्छलाबाई म्हणाल्या.

मोनाली त्या दिवशी निर्धास्त झाली. म्हातारीला गाडीतलं काही कळलं नव्हतं. नूतनताईंनी पायरीचं सांगितलं तेच तिने कण्हता कण्हता ऐकून खरं मानलं असावं.

मग मोनालीने मनापासून सगळं केलं. भांडं द्यायचं, अंग पुसायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायचं, केस विंचरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वच्छलाबाई सांगायच्या, "मन्ही सून देव शे." ऐकून ऐकून मोनालीलाही ते पटायला लागलं.

मंडळाच्या बायका फळं घेऊन आल्या तेव्हाही वच्छलाबाई तेच म्हणाल्या. नूतनताई जाताना म्हणाल्या, "महिला दिनाला आपण आदर्श सून पुरस्कार देतो. यंदा मोनालीशिवाय दुसरं नाव नाही." भूषण खूश झाला. मोनालीने तर कुठली साडी नेसायची तेही मनात ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सासूबाईंना भरवत होती. भूषण ऑफिसात होता. दोन घास झाल्यावर वच्छलाबाईंनी तोंड मिटलं आणि तिच्याकडे पाहत राहिल्या.

"काय झालं, आई?"

"खिडकीमाईन तोंड काढीसन तू हासी राहिंती," त्या म्हणाल्या. "मी दखं."

मोनालीने हातातला घास ताटात ठेवला.

"बठ्ठ्या हासी राहिंत्यात. पन त्या परक्या. मी तुन्हाच तोंडकडे दखीसन पळनू. म्हनं, मन्ही सून गाडी थांबाडी."

मोनालीने त्यांचे पाय धरले. मोडका पाय हललाही नाही. ती रडत म्हणाली, "आई, मी तो पुरस्कार घेत नाही. मी नूतनताईंना नाही म्हणून सांगते."

"लेशी," वच्छलाबाई शांतपणे म्हणाल्या. "नवी साडी नेसशी, स्टेजवर जाशी. नही गई तं भूषणले बठ्ठं सांगसू. आन मालेबी तठे ली चाल."

महिला दिनाच्या कार्यक्रमाला भूषणने आईला व्हीलचेअरवर नेलं. नूतनताई माइकवर मोनालीच्या सेवेबद्दल बोलल्या. समोर बसलेल्या बायकांपैकी निम्म्या त्या गाडीत होत्या. त्या टाळ्या वाजवत होत्या आणि मान खाली घालून पदर, पर्स, मोबाइल असं काहीतरी चाचपत होत्या. वच्छलाबाईंच्या हातून शाल द्यायची ठरली होती. मोनाली त्यांच्यासमोर वाकली. त्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, दोन्ही बाजूंनी नीट ओढली आणि तिचा चेहरा हनुवटीला धरून कॅमेऱ्याकडे वळवला. मोनालीचे ओठ थरथरत होते. बायका म्हणाल्या, किती भरून आलंय तिला.

घरी आल्यावर भूषण फ्रेम केलेलं प्रमाणपत्र घेऊन हॉलमध्ये जागा शोधत होता.

"आठे लाव," आतून वच्छलाबाईंचा आवाज आला. "मन्हा खाटना समोर."

त्याने खिळा ठोकला. त्या संध्याकाळी मोनाली चादर बदलायला गेली तेव्हा वच्छलाबाई एका कुशीवर होत्या आणि प्रमाणपत्राकडे पाहत होत्या. मोनालीने त्यांच्या पाठीखाली हात घातला.

"वाची दखाड," त्या म्हणाल्या. "मोठ्यांदा. माले वाचता येत नही."

मोनालीने वाचलं. पुढच्या दिवशी चादर बदलताना त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, आणि त्यानंतर त्या जिवंत असेपर्यंत रोज. भूषण घरी असला की तो दाराशी उभा राहून कौतुकाने ऐकायचा.