रिकाम्या खणाची सवय

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. माझा काळा रंग कडांना उडाला आहे, पण सुई अजून सरळ चालते. मित्रांनो, आज मी तक्रार करायला नाही, आभार मानायला बोलते आहे.

कारखान्यातून मी थेट एका शिंप्याच्या दुकानात आले. त्याच्या ताईने मला त्याच्यासाठी घेतले होते. त्याचा हात इतका साफ, की त्याने बसवलेल्या बाहीचा टाका शोधून सापडत नसे. गिऱ्हाईक म्हणे, "अंगावरच शिवलाय जणू!" कौतुक त्याचे व्हायचे, पण मनातल्या मनात मीही फुगायचे.

मग कामाचा रेटा वाढला. थकवा जाणवू नये म्हणून त्याने कुणाकडून तरी नशेच्या गोळ्या आणल्या. त्या माझ्या खणात, बॉबिनांच्या मागे राहू लागल्या. आधी थकला तरच तो गोळी घेई, पुढे गोळीशिवाय कामच सुरू होईना. शेवटी हात असे थरथरू लागले, की सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद पडले. मी धूळ खात राहिले आणि ताईने त्याला उपचार केंद्रात नेले.

तो बरा होऊन परतला. पण माझे पायडल दाबताच त्याला दरदरून घाम फुटला. हात आपसूक खणाकडे गेला. खण रिकामा होता, तरी तो घाबरून बाहेर पळाला.

"ही अवदसा भंगारातच घालते," ताई म्हणाली.

केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी तिला फोनवर थांबवले. "हिला काढाल, पण दुसऱ्या मशीनचा आवाज कुठेतरी कानावर येईलच की. त्याच्या मेंदूने टकटक आणि गोळी यांची गाठ मारून ठेवली आहे. ती आठवण पुसून टाकता येत नाही. तिच्या शेजारी दुसरी तयार करायची, की टकटक झाली तरी गोळी येत नाही. मशीन इकडे आणा."

त्याच्याबरोबर मी टेम्पोत बसून केंद्रात गेले. रोज बाईंसमोर तो मला चालवी, खण उघडून रिकामा पाही. गोळीची ओढ चढायची. तो जागचा हलत नसे. मग ती उतरायची. काही आठवड्यांनी तो तिथल्या उशांचे अभ्रे शिवू लागला.

आम्ही दुकानात परतलो आणि पहिल्याच दिवशी ओढ पुन्हा उसळली. तो पार खचला. बाईंना फोनवर म्हणाला, "माझं काही खरं नाही. सगळं पाण्यात गेलं."

"काही गेलेलं नाही," बाई म्हणाल्या. "नवी आठवण केंद्रातल्या खोलीत तयार झाली, म्हणून मेंदूला ती तिथलीच वाटते. आता तोच सराव दुकानात करा. एकटे मात्र बसू नका."

ताई स्टूल ओढून त्याच्याजवळ बसली.

"ताई, येतेय गं."

"येऊ दे. मी आहे."

ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने त्याचा श्वास संथ झाला आणि त्याने कापड सुईखाली सरकवले. मला भंगारात घालायला निघालेल्या त्याच ताईने त्या दिवशी माझ्या चाकाला तेल घातले.

आता दुकान चालते. ओढ कधीमधी येते. तो लपवत नाही, ताईला सांगतो आणि शिवत राहतो. मित्रांनो, तुमच्या जवळचे कुणी उपचार घेऊन परतले आणि पुन्हा डगमगले, तर त्याला कोडगा म्हणू नका. त्याचा मेंदू अजून शिकतो आहे. तो शिकेपर्यंत त्याच्याजवळ बसा.