बुरूलनं आखलेला रस्ता

पंगतीत मानाचं म्हणून मेंढीचं शिजवलेलं डोकं एसेनच्या पुढ्यात ठेवलं, तिथंच भांडण पेटलं. एसेननं कान कापला, पोराटोरांना देतात तसा चुलतबहीण बुरूलच्या हातावर ठेवला आन् म्हणाला, "घे आक्का. भूगोल शिकलीस न्हवं? नद्यांची नावं घोकून पोट भरतं व्हय? मी दगड शिकलो, तर दारात जीप हाय."

पंगत खदखदून हसली. बुरूलनं कान खाली ठेवला. "तुझ्या दगडानं माझा बाप खाल्ला," एवढंच बोलून ती उठली.

खोटं न्हवतं ते. आम्ही शेजारी, सगळं डोळ्यांदेखत झालेलं. सोन्याच्या खाणीसाठी एसेननं वरच्या कुरणात भोकं पाडली. बुरूलच्या बापानं इचारलं, "झऱ्याला धक्का न्हाई ना लागणार, लेकरा?" त्यो म्हणाला, "खडक पक्का हाय, काका." खडक पक्काच व्हता, पर त्याला चीर व्हती. ती त्याला ठाऊक असून बोलला न्हाई. चिरेतनं पाणी खाली गेलं आन् झरा आटला. थंडीत म्हातारा पाण्यासाठी गोठलेल्या नदीवर गेला, बर्फावरनं घसरला, त्यो उठलाच न्हाई.

पुढं खाणीला रस्ता हवा झाला. सरकारनं आखणीला माणूस धाडलं, ती नेमकी बुरूल. खांद्यावर मोजणीची दुर्बीण, हातात लाल झेंड्या. वाटा दोनच. एक नदीकाठानं, दुसरी एसेनचं नवं घर आन् जर्दाळूची बाग फोडून.

एसेन धावत आला. "आक्का, नदीकडनं ने की! तिकडं कुणाचंच काय न्हाई."

"नदी पुरात रस्ता खाईल."

"दगडी बांध घातला तर?"

"तू दगडाचं बघ. जमिनीवर काय कुठनं जाईल, ते माझं काम."

तिनं पहिली झेंडी जर्दाळूच्या बुंध्यात ठोकली.

सांजच्याला मी तिला गाठलं. "बुरूल, बांध घातला असता तर भागलं असतं गं."

"भागलं असतं."

"मग अर्धंच का बोललीस?"

"त्यानं बी बापाला अर्धंच सांगितलं व्हतं."

घर पडलं त्या दिवशी एसेन भरपाई घेऊन शहरात गेला. त्याची आई झूरा मात्र गेली न्हाई. बिनआईच्या बुरूलला हिनंच घोडीचं दूध पाजून वाढवलेलं. गोधड्या डोक्यावर घेऊन म्हातारी सरळ बुरूलच्या अंगणात येऊन बसली.

"दोघं शिकलात, दोघं शाणी झालात," ती म्हणाली. "एकानं भुईच्या पोटातलं पाणी घालवलं, एकीनं पाठीवरचं घर. माझ्या वाटणीला काय आलं गं?"

बुरूल चहा ओतत व्हती. तिचा हात थांबला न्हाई.

"काकू, घर पुन्हा बांधता येतं. बाप येतो का?"

खाणीची गाडी फाटकापुढनं गेली आन् धुरळा दोघींच्या अंगावर बसला. झूरानं चहाचा वाडगा उचलला, वरची धूळ फुंकली आन् चहा प्याली.