मुक्तीचे दोन डबे

दाभोळच्या धक्क्यामागच्या वखारीत माणसाला माणूस चिकटून बसला होता. समोर चौरंगावर टीव्ही, टीव्हीला झेंडूचा हार. पडद्यावर निळं पाणी आणि पाण्यावरून एक माणूस चालत होता. चालत कसला, ठेचकाळत होता! एक पाऊल टाकी, लुकलुके, थबके, मग एकदम पुढच्या जागी उमटे. चेहरा नव्हता. आत्म्याला कुठला आलाय चेहरा?

"बघा, बघा!" दर्यानंद महाराजांना गहिवरून आलं. "दर्यानं गिळलेला जीव! ना इकडचा, ना तिकडचा. कसा अडखळतोय बिचारा!"

बायांचे पदर डोळ्यांना लागले. महाराजांनी शंख फुंकला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा उजळला, तेव्हा माणूस लाटेवरून होडी जावी तसा सुळकन निघून गेला.

"मुक्त झाला! मुक्ताला ठेच नाही, मुक्ताला नाव नाही!"

आणि खरंच, मघाशी पडद्यावर खाली उमटलेलं नाव आता दिसत नव्हतं. आयुष्य बोटीवर काढलेल्या बाप्यांनीसुद्धा हात जोडले.

मथुराबाई पहिल्या रांगेत होती. मागं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. तिचा आत्माराम परदेशी बोटीवरून परतला नव्हता. 'बेपत्ता' एवढाच शब्द घरी आला, आणि त्या शब्दावर धड रडताही येईना. महाराजांनी मागं तिला आत्माराम दाखवला होता, असाच ठेचकाळताना. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उपाय महाराजांनीच सांगितला: सुनेनं हायस्कुलातली नोकरी सोडायची, मठात राहायचं, नवरा सुळकन जाईपर्यंत सेवा करायची. मथुराबाईनं शब्द दिला होता. आज ती सुनेला, दमयंतीला, पोचवायला आली होती.

"आई, ते पडद्यावरचे हे नव्हेत," दमयंती वाटेत म्हणाली होती. "असलं चित्र आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर मुलं काढतात."

"त्या कॉम्प्युटरच्या खोलीत तुम्ही चपला काढून जाता ना गो? मग इथं का नाक मुरडतेस?"

"तिथं धुळीसाठी काढतो, आई."

"आणि आम्ही काय चिखलासाठी?" म्हणून सासूनं तिचं तोंड बंद केलं होतं.

त्यांच्या आधी काशीची पाळी आली. तिचा नवरा मासेमारीला जाऊन बुडालेला. कडेवर पोर, पोराच्या तोंडात खडीसाखर.

"कुणाला बोलवायचं, माय?" महाराजांनी विचारलं.

काशी घुटमळली. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? "बाबूच्या बापसाला," ती म्हणाली.

घंटा वाजल्या, शंख वाजला, आणि पडद्यावर माणूस ठेचकाळायला लागला.

"आई," दमयंती पुटपुटली, "खाली इंग्रजीत 'बाबू' लिहिलंय."

"कुठला बाबू?"

"काशीवहिनींच्या कडेवरचा."

मथुराबाईनं पडद्याकडे पाहिलं, मग पोराकडे. पोर मजेत खडीसाखर चोखत होतं. "म्हाराज!" ती गरजली. "पोर हितं जितं बसलंय नि तुम्ही ते मेल्यांत कसं चालवताय?"

महाराजांचा रंग उडाला, पण जीभ शाबूत होती. "सावट! पोरावरही सावट आहे! दर्या आता याला मागतोय. माय, तूही मठात राहा..."

काशीनं असा हंबरडा फोडला की झोपलेली पोरं जागी झाली. त्या हंबरड्यानं मथुराबाईच्या डोक्यातलं काहीतरी तुटलं. जितं पोर जो मेल्यांत घालतो, त्यानं माझा आत्माराम कुठून आणला? ती उठली, महाराजांना कोपरानं बाजूला सारलं आणि टीव्हीमागची चादर ओढून काढली.

आत महाराजांचा शिष्य केरू बसला होता. मांडीवर कळांचा एक डबा, शेजारी दांडी लावलेला दुसरा. चादरीआडून त्याच्या कानावर 'बाबू' एवढंच पडलं होतं.

"लिही रे मेल्या," मथुराबाई म्हणाली. "दर्यानंद."

केरूनं कळा दाबल्या. पडद्यावर दर्यानंद महाराज ठेचकाळत पाण्यावरून निघाले. दमयंतीनं दुसरा डबा टीव्हीला लावून दांडी ढकलली. महाराज सुळकन गेले.

"मुक्त झाले गो!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघं-चौघं हसले.

दमयंतीनं शाळेत सांगते तसं सांगितलं. "हा कळांचा डबा म्हणजे कॉम्प्युटर. ह्यात नाव लिहिता येतं, चित्र काढता येतं. पण माणूस एक पाऊल पुढं न्यायचा, तर मागचा पुसून नवा काढावा लागतो, आणि पुसायचं, काढायचं सगळं त्या डब्याला एकट्यालाच करायचं. वेळ लागतो, म्हणून तो अडखळतो. हा दुसरा डबा नुसता खेळायचा, ह्यात नाव लिहिता येत नाही. ह्यात माणूस आधीच तयार असतो, पाण्याला हात न लावता तेवढाच सरकवायचा. टीव्हीचा पडदा सेकंदात कितीतरी वेळा नव्यानं उजळतो. दर उजळण्याला माणूस थोडा पुढं, म्हणून चाल गुळगुळीत दिसते."

"म्हंजे एकाची रांगोळी," मथुराबाई म्हणाली, "पुसा नि परत घाला. नि दुसऱ्याचा पाटावरचा गणपती. पाट धरायचा नि सरकवायचा."

"तसंच, आई."

हसू विझलं. म्हातारा भिकाजी काठीवर रेलून उभा राहिला. "मग माझा पोरगा सखाराम मागं सुळकन गेला, तो?"

"तो बाहुला होता, भिकाजीभावोजी."

"मला झोप लागायला लागली होती गे बाई," तो म्हणाला. "तुझं काय बिघडत होतं?"

बऱ्याच माना हलल्या. शिव्या महाराजांना पडायच्या, त्या मथुराबाईकडे वळू लागल्या. महाराज तेवढ्यात मागल्या दारानं सटकले. त्यांना कुणी अडवलंसुद्धा नाही.

"माझी सून हातची जात होती," मथुराबाई म्हणाली. "मी माझ्या हातानं आणून देत होते. झोपेसाठी काशीचं पोर देणार होता काय, भावोजी? माझा आत्माराम अडखळत नाही नि सुळकन जातही नाही. तो नाही. हे बोलताना माझी जीभ जळते, तरी बोलते. रडायचं तर घरी बसून रडा, त्याला कुणाची ना नाही. पण कुणी काही दाखवलं, तर कशातून दाखवतो नि चादरीमागं कोण बसलाय, एवढं उठून बघा. डोळे मिटून हात जोडणारा आधी अक्कल देतो, मग घरातलं माणूस."

मथुराबाईनं दमयंतीचा दंड धरला. "चल. उद्या शाळा आहे तुझी."